बटाटे किती वेळ उकडायचे

आमच्या बेटावर शाळा दहावीपर्यंतच.
त्या वर्षी दहावीत दोघी होत्या,
माझी बहीण सोल्वोर, आणि दीपगृहापाशी राहणारी इडुन.
पहिला नंबर हुकला
तर दुसरा ठेवलेलाच.

पुढे शिकायचं तर बोटीनं चार तास,
मग शहरात खोली घेऊन एकटीनं राहायचं,
सोळाव्या वर्षी.
इकडे सगळेच जातात.
त्याचं कुणाला कौतुक नाही, धक्क्यावर कुणी रडत नाही.
बाबा म्हणाले, "झोपताना हीटर बंद कर."
झाला निरोप.

जाताना तिनं मला तिचा सुरा दिला.
लोफोटेनकडच्या पोरांना सांगावं लागत नाही कशासाठी.
फेब्रुवारीत कॉड येतो. मासा मोठ्यांचा,
डोकी आमची.
डोकं खिळ्यावर अडकवायचं, सुरा एकदाच फिरवायचा,
जीभ बादलीत.
किलोमागे पैसे.
सोल्वोरची बादली सगळ्यांच्या आधी भरायची
आणि तोंड अखंड चालू.
"माशांच्या जिभा कापते,
हिच्या जिभेला मात्र हाड नाही," आई म्हणायची.

पहिल्या वर्षी फोन रोज, रात्री नवाच्या सुमाराला.
"आई, बटाटे किती वेळ उकडायचे?"
वीस मिनिटं.
दोन दिवसांनी पुन्हा तेच.
पुन्हा वीस मिनिटं, लहान असले तर पंधरा,
काटा टोचून बघ.
आई फोन ठेवून हसायची,
"कार्टीच्या डोक्यात काही राहत नाही."
मी गणिताच्या वहीवरून मान वर करायचो
आणि मला बरं वाटायचं
की असंही काही आहे जे तिला येत नाही.

दुसऱ्या वर्षी फोन आठवड्यावर गेला,
मग रविवारही चुकायला लागला.
नाताळात आली ती केस कानांच्या वर कापून.
जेवताना बाबांना म्हणाली, "तुमचं चुकतंय,"
आणि आवाज न चढवता
का चुकतंय ते सांगितलं.
बाबांनी काटा खाली ठेवला.
थोड्या वेळानं उचलला.
नंतर तिनं सगळ्यांच्या ताटल्या धुतल्या,
पाहुणे धुतात तशा,
कुठली कुठे ठेवायची ते विचारत.

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळी सुट्टीत
ती माझ्या शेजारी उभी राहिली, ओव्हरॉल घालून.
मी बघितलं नाही, पण ऐकलं.
तिचा सुरा दोनदा फिरत होता.
माझी बादली भरत आली होती.
मी हात हळू केला, जरासाच.
"लबाडी नको," ती म्हणाली,
आणि पुढची दहा डोकी आम्ही गप्प होतो.
ती गप्प राहू शकते हे मला तेव्हा कळलं.
जिंकून मला काहीच झालं नाही.
बोटं तेवढी गारठली होती.

आता ऑगस्ट. माझी पाळी.
माझ्या वर्गात तर मी एकटाच होतो,
पहिलाही मीच, शेवटचाही.
बोर्गहिल्डबाईंचं तेच तळघर मिळालंय.
सोल्वोर धक्क्यावर उभी, हात खिशात.
म्हणाली, "खिडकी रस्त्याच्या पातळीला आहे,
माणसांचे बूटच दिसतात.
लाल बूट म्हणजे टपालवाली.
पाय घासत जातात ते समोरचे आजोबा.
डिसेंबरपर्यंत वर्गातल्या अठ्ठावीस जणांपेक्षा
मला तेच जास्त ओळखीचे होते."
मग बोटीकडे बघत,
"घरी फोन कर. पण रडत असताना नको.
रडून झालं, तोंड धुतलं, की कर.
आणि विचारायला काहीतरी हाताशी ठेव."

बोट वळेपर्यंत मी ते धरून होतो.
मग मोजायला लागलो,
त्या एका हिवाळ्यात, नवाच्या सुमाराला,
किती वेळा बटाटे.

वीस मिनिटं. लहान असले तर पंधरा.
मला पाठ आहे.
मला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.