डायरीवरचा प्लॉट

मुकातींनी जमीन दाखवली तेव्हा
तिच्यात लसूण उभा होता.
"हा तीस फुटी रस्ता," वाफ्यातून चालत ते म्हणाले,
"इथे बगीचा, तिथे मंदिर, हा तुमचा कॉर्नर."
मी साडी वर धरून ओलांडला
तो रस्ता. अजून पाट होता तो,
पाणी वाहत होतं.

रामबागेत बावीस वर्षं भाड्यानं काढली.
खिळा ठोकायचा तर खाली जाऊन विचारायचं.
म्हणून ह्यांच्या वडिलांचा फोटो
कायम फ्रिजवर, भिंतीला टेकून,
दार जोरात लागलं की पालथा.

रजिस्ट्री नव्हती. डायरी होती,
लाल रेक्झिनची, किराण्याच्या उधारीची असते तशी.
दर महिन्याला एक ओळ:
मिळाले. सही. तारीख.
माझ्या दोन पाटल्या तिच्या चौथ्या पानावर आहेत.
भाची वकिली करते, डायरी उलटीपालटी करून म्हणाली,
"मावशी, हा कागद नाही, ही गोष्ट आहे."
असू दे म्हटलं.
सहाशे चौरस फुटांची गोष्ट
आमच्या घराण्यात याआधी कुणी सांगितली नव्हती.

नानूराम गवंडी मातीचा ढेकूळ फोडून म्हणाला,
काळी आहे, बाई, ही झोपत नाही,
पावसात फुगते, उन्हाळ्यात तोंड वासते,
पाया मुरमापर्यंत न्या.
मुरूम नऊ फुटांवर होता.
पैसे पाच फुटांचे होते.

आता जुलैत मागचं दार लागत नाही
आणि मे महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीत
रुपयाचं नाणं आडवं जातं. मी घालून पाहिलंय.

शेजारी मिर्झासाहेब, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात.
लग्नसराईत पहाटे तीनला येतात,
बायपासवरून चालत, वाद्य शर्टाच्या आत.
पलीकडे खरगोनच्या सुमनबाई वास्कले.
एका रात्री वीज गेली तेव्हा
सगळ्यांनी आपापल्या डायऱ्या बाहेर आणल्या,
मोबाइलच्या उजेडात जुळवल्या.
प्लॉट सत्तावीस तिघांचा निघाला.
बगीचा अकरा जणांचा.
मंदिर तेवढं जागेवर होतं.
मुकातींचा फोन बंद.
मिर्झासाहेब म्हणाले, चहा टाका कुणीतरी.

मग निगमवाले येऊन तोंडाशी बोर्ड लावून गेले:
ही कॉलनी अवैध आहे, येथे प्लॉट घेऊ नये.
चांगला मोठा, पिवळा, दुरून दिसणारा.
तेव्हापासून पत्ता सांगणं सोपं झालं.
रिक्षावाल्याला म्हणायचं, अवैधपासून डावीकडे, तिसरं घर.
गॅसवालाही तसाच येतो.

नर्मदेचं पाणी अजून आलेलं नाही.
टँकर येतो, एक दिवसाआड, शिव्या देत.

पण त्या मंगळवारी
कचरागाडी आली.
आधी आवाज आला, लांबून, मुख्य रस्त्यावरून वळून,
आम्ही समजलो चुकून आली.
ती खड्डे चुकवत आत आली आणि थांबली.
बायका धावल्या. सुमनबाई पिठाच्या हातांनी.
मी मुद्दाम धड पिशवी शोधली,
ओलं वेगळं केलं, सुकं वेगळं केलं,
चहाचा चोथा पिळून घेतला.
पोरानं नीट पाहून दोन्ही घेतलं.
हे आत येऊन म्हणाले,
शहराला आपली सालं चालतात तर,
नाव काय, चालेल हळूहळू.
आणि हातोडी घेऊन स्टुलावर चढले.
पहिल्या घावाला तळहाताएवढं प्लास्टर पडलं.
दुसऱ्याला खिळा बसला.
फोटो जरा डावीकडे झुकलाय. कुणी सरळ करत नाही.

काल पायरीच्या सांध्यातून
लसणाची पात वर आली होती, चार बोटं.
कुणाच्या नावावर आहे, कोण जाणे.
मी इकडे तिकडे पाहिलं,
खुडली,
आमटीत टाकली.