हरवलेल्या वस्तूंची वाटणी

मार्च संपायला तीन तास. बाहेर अजून बर्फ.
नुमाजिरी बाईंनी रजिस्टर उघडलं:
छत्र्या एक्केचाळीस, त्यातल्या दोन लहान मुलांच्या,
एक कवळी, वरची,
ट्रम्पेट, पेटी नाही,
आणि पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थिकलश.

रात्री बारानंतर जपानची रेल्वे एक राहणार नव्हती.
घरात होतं तसंच झालं,
सहा चुली, सातवी मालगाड्यांची,
आणि कर्ज?
ते कोणाच्याच ताटात नको
म्हणून उंबऱ्याबाहेर वेगळं ठेवलेलं.

परिपत्रक म्हणत होतं,
वस्तू जिच्या हद्दीत हरवली त्या कंपनीची.
हद्द म्हणजे बोगद्यातला एक खांब
परवाच रंगवलेला,
अलीकडून हिरवा, पलीकडून नारिंगी.

छत्र्यांचं सोपं होतं. कोण विचारतंय?
एकवीस इकडे, वीस तिकडे.
कवळी हिरव्यांना, ट्रम्पेट नारिंग्यांना.
ओकुदाइरा गठ्ठे बांधत होता,
उद्यापासून तोही नारिंगी,
अकरा वर्षं याच किटलीतला चहा प्यायलेला.
"किटली कोणाची?" त्याने विचारलं.
दोघं हसली.
मग बराच वेळ फक्त सुतळीचा आवाज.

कलश सापडला शेवटच्या स्टेशनात, सामानाच्या फळीवर.
पण विसरला कुठे?
खांबाच्या आधीच कोणी उतरलं असेल
हात रिकामे आहेत हे न कळता,
की कळून?
बोगद्यात शिरताना तो कोणाचा तरी होता
आणि बाहेर येताना नव्हता,
एवढं तरी बाईंना ठामपणे म्हणता आलं असतं.
तेही नाही.

वर फोन लावला.
उद्या नेमकं वर कोण
हे वरच्यांनाच माहीत नव्हतं.

बाराला यार्डात एका इंजिनाने शिट्टी दिली,
लांब, श्वास संपेपर्यंत.
ओकुदाइराने टोपीवरचा जुना बिल्ला काढला
आणि खिशात टाकला, चोरल्यासारखा.

बाईंनी कंपनीच्या रकान्यात लिहिलं: प्रवासात.
शाईवर फुंकर घातली.
किटलीत उरलेला चहा कपात ओतून
कलशापुढे ठेवला.

सकाळी कोऱ्या टोपीतला एक मुलगा येणार होता,
कपबशा मोजायला.