सत्तर अक्षरांत

नेमणुकीचा कागद आला तेव्हा वाटलं,
मतदानयंत्रं उचलावी लागणार या वयात.
तर कलेक्टर कचेरीतली मागची खोली,
टेबल, पंखा, शिक्का,
आणि काम असं की उमेदवारांचे मेसेज
शहरभर सुटण्याआधी वाचायचे.
मराठीचा मास्तर, म्हणून मला बसवलं.

पहिल्याच दिवशी कळलं:
इंग्रजीत एका मेसेजात एकशे साठ अक्षरं मावतात,
देवनागरीत सत्तर.
वेलांटीचे वेगळे पैसे,
काना वेगळा, अनुस्वार वेगळा,
पाय मोडलेल्या अक्षराचा
मोडका पायसुद्धा यंत्र मोजून घेतं.
सातपूरच्या शाळेत एकोणतीस वर्षं
पोरांना लघु-गुरू शिकवले, बाकावर टिचक्या मारत.
आता कुठल्याच गणात न बसणाऱ्या ओळी
त्याच बोटांवर मोजतो.

विकास पाच. पाणी चार.
स्वस्त असूनही पाणी कुणी लिहिलं नाही.

कार्यकर्ते येतात, गॉगल कपाळावर चढवून.
सर, तीन अक्षरं जास्त होतायत, जरा बसवून द्या.
मी म्हणतो, 'आपला नम्र'मधलं नम्र काढा.
लगेच काढतात. त्यावर आजवर
एकानंही हुज्जत घातली नाही.
मग शिक्का, क्रमांक, आणि खर्चाच्या वहीत
प्रति मेसेज इतके पैसे.

सोमवारी संध्याकाळी प्रचार थांबला.
रिक्षांवरचे भोंगे उतरले,
द्वारकेच्या चौकातल्या चेहऱ्यांवर कापड पडलं.
मी शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवून घरी गेलो,
गाढ झोपलो.

सकाळी दारात पुंजाराम गांगुर्डे.
अंबडच्या एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी,
डोक्याला मफलर तसाच.
काखेत गेटचं रजिस्टर.
ट्रकांच्या नोंदींखाली, त्याच रकान्यांत, त्याच अक्षरात:
११.१०, मेसेज, आमचा नाही.
११.३२, मेसेज, आमचा नाही.
११.३३, मेसेज, आमचा नाही.
असे बावीस.
तेविसावा १.०५ ला. पुढे नुसती बरोबरची खूण.

पोरगी सिन्नरला कंपनीत, हर्षाली नाव,
दुसऱ्या पाळीची गाडी सोडते नाक्यावर,
तिथून चालत घर.
पोचली की कळवते.
त्या रात्री गाडी पंक्चर.

मी मेसेज पाहिले.
पाठवणारा: सहा इंग्रजी अक्षरं, उच्चार न होणारी.
साधं पत्रक काढलं तरी
तळाशी छापणाऱ्याचं नाव लागतं, प्रती किती ते लागतं.
कागदाला बाप असतो.
हे मजकूर माझ्या टेबलावरून गेलेच नव्हते,
आणि, हे मला जास्त लागलं,
एकातही ऱ्हस्व-दीर्घाची चूक नव्हती.

याला कायदा आहे ना सर?
आहे.
मग रात्री कुठं होता?
दहा ते सहा, मी म्हणालो, आणि
म्हणून झाल्यावर लाज वाटली.

तक्रारीचा नमुना भरायला घेतला.
उमेदवाराचं नाव: रिकामं.
पक्ष: रिकामं.
आपले कोणते नुकसान झाले?
गांगुर्डे जरा वेळ पंख्याकडे पाहत राहिले.
लिहा, म्हणाले,
थंडीत बावीस वेळा हातमोजा काढला.
लिहिलं.

तेविसावा मेसेज त्यांनी स्वतःहून दाखवला.
'पोचले'.
आपल्या हिशोबी तीन, यंत्राच्या पाच.
पासष्टची जागा मोकळी.
ना वचन, ना नम्र, ना शेवटी उद्गारचिन्ह.
इतकी बांधीव ओळ
मी वर्गात कधी लिहून दाखवली नव्हती.

साहेब आतून आले. नमुना वाचला.
हातमोज्याशी थबकले, पण काही बोलले नाहीत.
पुरावा म्हणून मोबाईल जमा करावा लागेल,
पंचनामा होईल, कंपनीला पत्र जाईल,
उत्तराला आठ दिवस धरा.
मतदान उद्या.

मोबाईल कधी मिळंल परत?
सांगता येत नाही.

आज पण तिची दुसरी पाळीच आहे,
गांगुर्डे म्हणाले,
आणि नमुना माझ्या हातातून हलकेच काढून घेतला,
फाडला नाही, चौघडी केली, रजिस्टरात ठेवला.
जाताना दारावरच्या वहीत
सवयीनं स्वतःच नोंद केली:
जावक, १०.५०,
इसम एक, मोबाईलसह.