दोन किंवा पाच

लितोवेलच्या शाळेत, जिन्याखालच्या खोलीत
एक आरसा, दोन बुटक्या खुर्च्या,
कायम कुरकुरणारा हीटर
आणि चित्रांच्या पत्त्यांचा पत्र्याचा डबा.
सप्टेंबरात पहिलीची मुलं एकेक करून येतात.
मी चित्र दाखवते, ती नाव सांगतात,
मी कागदावर खुणा करते.
कान देणं हेच काम. बाकीचं नंतर.

र्झेहोर्झ वात्सुलिक. वय सहा वर्षं नऊ महिने.
नावाच्या दोन्ही टोकांना तोच आवाज,
आमच्या भाषेतला सगळ्यात हट्टी:
र थरथरत असतानाच त्यात झ मिसळायचा,
झाडातला नव्हे, झेंड्यातला,
आणि दोघांनी एकमेकांना ढकलायचं नाही.
पणजोबांचं नाव. ठेवताना कुणी जिभेला विचारलं नाही.

नदी दाखवली. म्हणाला, "पाणी."
दार. "बंद आहे."
मिरी. नाक चोळून, "शिंक."
समुद्राकडे बराच वेळ बघत राहिला,
मग, "तिथे आम्ही गेलो नाही."

वीस वर्षांत बोबडे बोल पुष्कळ ऐकले,
इतक्या सुबक पळवाटा नाही.
कागदावर चूक एकही नव्हती.
मी समासात मोठं वर्तुळ काढलं.

मोजायला सांगितलं.
एक, दोन,
खोकला,
पाच.
आमच्या तीनमध्ये तो आवाज आहे. चारमध्येही.

आई म्हणाली, सकाळी बेकरीत त्यालाच पाठवते.
घरात चौघं. कधी दोनच पाव आणतो, संपले म्हणतो.
बहुतेक वेळा पाच.
पाचवा पुलावरून बदकांना.
"मला वाटायचं, मायाळू आहे."
मग जरा थांबून, "आहेच म्हणा."

जिभेला हाड नसतं म्हणतात.
नसेल, पण सवय असते, हाडाहून टणक.
आम्ही आवाजाचं नावच काढलं नाही.
कागदाचे कपटे फुंकरीने टेबलापार नेले.
दातांमागे जिभेचं टोक ठेवून द द द द,
चढावर दम लागलेल्या ट्रॅक्टरसारखं.
गळ्यावर हात: आत मांजर जागं आहे का?
ऑक्टोबरात समोरचे दोन्ही दात पडले
आणि सगळी फुंकर त्या खिंडीतून पळाली.
थांबलो. दाताला घाई करता येत नाही.

(त्याच खोलीत गुरुवारी ल्युद्मिला अडखळायची.
तिचे वडील तिची वाक्यं पुरी करून द्यायचे,
प्रेमानेच. मी तिला काही शिकवलं नाही बरेच दिवस.
वडिलांना शिकवलं: हात मांडीवर, तोंड मिटलेलं, वाट बघा.
त्यांना फार जड गेलं.)

जानेवारीत नवा दात अर्धा वर आला.
एका मंगळवारी, काही अर्थ नसलेल्या अक्षरात,
ट्रॅक्टर आणि शीळ यांच्या मधोमध,
तो आवाज आला.
र्झेहोर्झने मागे वळून पाहिलं,
खोलीत आणखी कुणी आहे का.
मी शाबास म्हटलं नाही. पाखरू बसलं की
टाळ्या वाजवू नयेत.
"परत बोलाव," एवढंच म्हटलं.
सात आठवडे कधी आला, कधी नाही.

मार्चमध्ये बेकरीत मी त्याच्या मागे दोन माणसं सोडून उभी.
त्याला दिसले नाही.
"चार," तो म्हणाला.
हुद्त्सोव्हाबाईंनी न बघता, हाताच्या सवयीने
पाच पिशवीत टाकले.
"चार."
या खेपेला अंमळ लांबवून,
नव्या सायकलची घंटी
रिकाम्या रस्त्यावरही वाजवावी तसा.
बाईंनी एक पाव परत काढला. पैसे मोजले. पुढचा.

पुलाच्या कठड्याखाली बदकं नेहमीसारखी जमली होती.
तो थांबला. त्यांना काहीतरी सांगत होता,
वाऱ्यामुळे मला ऐकू आलं नाही.
मग पिशवीतला एक पाव काढून तुकडे केले.
आता घरी विचारतील, किती आणलेस,
आणि सांगावं लागेल, तीन.