लोणा

दर तिसऱ्या वर्षी ओंदीना लिबेरोला फोन करते:
"ये. भिंत पुन्हा फुलली."
ट्रिएस्टेच्या कालव्याकाठी, तळमजल्यावर, तिचं बटणांचं दुकान.
शिंपल्याची, शिंगाची, पितळेची बटणं,
आणि खोक्यांमागे कमरेइतका चढलेला पांढरा लोणा.

लिबेरो खरवडतो. बोट जिभेला लावतो.
"समुद्राचं नाही हे," म्हणतो, "आगरातलं आहे."
जसा काही जिभेला फरक कळतो.

इथे मिठागरं होती.
बांध, वाफे, लाकडी झडपा,
उन्हाळाभर पांढऱ्या पोटऱ्यांनी वावरणारी माणसं.
मग व्हिएन्नाहून हुकूम आला: भरून काढा.
जुनं गाव टेकडीला बिलगलेलं,
तटाच्या आत गुडघे पोटाशी घेऊन झोपणारं;
तिथे मालाच्या गाड्या वळत नव्हत्या.

मोजणीदार आला, दोरी आणि खुंट्या घेऊन.
काटकोनावर त्याचा एवढा जीव
की वारासुद्धा त्यानं सरळ करून टाकला:
बोरा आता डोंगराकडून गल्लीत शिरतो
आणि कुठेही न अडखळता थेट बंदरात.
पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधावे लागले,
धरून चालायला.
आधी दोरी रस्त्यासाठी, मग
रस्त्यातल्या माणसासाठी.

घरांचाही नेम ठरलेला.
खाली वखार, घोडागाडी आत जाईल एवढं दार.
वर पेढी. तिच्यावर मालक, उंच खिडक्यांचा.
मग खिडक्या बुटक्या होत जातात, बिऱ्हाडं वाढत जातात,
आणि अगदी छपराखाली मोलकरणी,
ज्यांना बंदर सगळ्यांत छान दिसायचं
आणि बघायला वेळ नसायचा.

ओंदीनाच्या आईकडचा एक पूर्वज, युरे,
ज्या फावड्यानं मीठ ओढायचा
त्याच फावड्यानं त्याच वाफ्यात माती लोटू लागला.
रोजी जास्त होती, म्हणे.
घरी त्याबद्दल कधी कुणी बोललं नाही.
त्यानं मिठाची गुळणी धरली, त्याच्या मुलांनी धरली,
चिखलात ठोकलेल्या ओकच्या खांबांनी धरली.
भिंतीला मात्र जमलं नाही.
खाल्लेल्या मिठाला जागत ती
दर हिवाळ्यात बोटभर वर येते.

"सिमेंट मारू का या वेळी?" लिबेरो विचारतो.
"मग जाईल?"
"इथून जाईल. वरच्यांकडे."
वर पेढीच्या जागी आता दातांचा दवाखाना,
त्यावर विद्यार्थी, त्यावर एक विधवा आणि तिचा पियानो.
ओंदीना छताकडे बघते. पियानो वाजत नाहीये.
"चुनाच लाव," ती म्हणते. "आणि बिल निम्मं कर,
तीन वर्षांनी यायचंच आहे तुला."

तेवढ्यात दार धाडकन उघडतं.
गिऱ्हाईक. कोटाची दोन बटणं वाऱ्यानं नेलेली.
ती खोकं काढते, एक बटण फडक्यानं पुसते,
उजेडात धरते,
पुन्हा पुसते.