बैठक क्रमांक

बाकांवर खडूने नंबर टाकायचं काम
बावीस वर्षं माझ्याकडे.
मार्चला सगळ्या खोल्या भरतात, खांदा धरतो.
जुलैला पुरवणीची दीड खोली,
एका खडूत भागतं, उरतोसुद्धा.

हेडसर त्या पोरांना रिपीटर म्हणतात.
मला तो मोटारपंपाचा एखादा भाग वाटतो,
धुळ्याहून मागवावा लागतो असा.

फिरके मॅडम नव्या, यावलच्या.
त्या म्हणाल्या, सुपडूभाऊ, रिपीटर नको, रीसिट म्हणा.
सिट म्हणजे बसणं, री म्हणजे पुन्हा.
मी म्हटलं, म्हणजे तिकडेही परीक्षेला बसतातच?
बसतात, म्हणाल्या.
मला का कोण जाणे, बरं वाटलं.
एवढी लांबची माणसं.

दुपारच्या पॅसेंजरनं शोभाबाई कोळी आल्या,
अंगणवाडीत मदतनीस. खिचडी त्या शिजवतात,
सही सेविकेची असते.
सेविका व्हायचं तर दहावी लागते, आणि इंग्रजी राहिलंय:
अठ्ठावीस, एकतीस, मग परत अठ्ठावीस.
मॅडमनी विचारलं, तुमचं रीसिट ना?
बाईंनी पदराची गाठ सोडली,
आठ घड्यांचा कागद टेबलावर सपाट केला.
"हा ना, रिसीट लई वनू. पैसा भरात."

मॅडम हसायला लागल्या, आणि मध्येच थांबल्या.
पावती उलटसुलट पाहिली.
तिच्यावर खरंच तेच लिहिलं होतं की,
बाईंनी पुन्हा बसायचे पैसे भरलेत.

रात्री नंबर टाकताना तो शब्द डोक्यात फिरत राहिला.
दुकान बसलं म्हणजे बुडालं.
भिंत बसते, घसा बसतो,
बोरीच्या पुरात आमची मागची खोली बसली होती.
आणि हात बसला म्हणजे काम यायला लागलं.
इंग्रजीत यासाठी किती शब्द लागत असतील,
विचारायला हवं मॅडमना.

मी स्वतः एकदाच बसलो. गणितात सतरा.
बाप म्हणाला, आता ऊठ.
उठलो, आणि घंटेजवळ उभा राहिलो तो राहिलोच.
पेपर चालू असताना शिपायानं बसायचं नसतं.

पण माझं नाव सुपडू आहे.
माझ्या आधीची दोन पाळण्यातच गेली.
तिसऱ्या खेपेला आईनं मला सुपात घालून
शेजारणीच्या ओसरीवर ठेवलं,
मूठभर दादर देऊन परत विकत घेतलं,
सटवाईला कळू नये हा आपलाच म्हणून.
ती बाईसुद्धा पुन्हा बसलीच होती की.
पावती तेवढी कुणी दिली नव्हती.

पेपरच्या दिवशी शोभाबाई पाऊण तास आधी आल्या.
तोंडाने पुटपुटत होत्या, गो, वेंट, गॉन.
मी पाणी दिलं.
म्हणाल्या, "भाऊ, वेंट मा गो कोठे गया?"
मी म्हटलं, मला काय माहीत बाई,
गेला म्हणजे गेला.
त्या इतक्या हसल्या की पाणी सांडलं.

निकाल लागला. आकडा मी विचारला नाही.
नोव्हेंबरात कापूस वेचून काळे झालेले हात
पुन्हा खिडकीशी दिसले, आठ घड्यांचा कागद घेऊन.
मॅडमनी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या,
"आखो बठसू."

नंबर बोर्डाचा असतो, तो बदलता येत नाही.
त्यांचा यंदा चार नंबरच्या खोलीत आलाय,
भिंतीकडून दुसरी रांग, तिसरा बाक.
त्याचा डावा पाय आखूड आहे, लिहिताना डुगडुगतो,
सगळ्या शाळेला माहीत आहे.

रात्री नऊ वाजता मी एकटाच
तो बाक ओढत व्हरांड्यात आणला
आणि सायन्सच्या खोलीतला सागवानी तिथे नेऊन ठेवला.
दाराच्या चौकटीत अडकला थोडा.
मग आडवा केला, गेला.
खडूनं नंबर टाकला, जरा मोठा.
कुणी नव्हतं, म्हणून एकदा बसून पाहिलं,
हलतो का ते.