पंच क्रमांक दोन

वजनकाटे दुरुस्त करतो मी.
स्प्रिंग बदलतो, गंज खरवडतो,
पारडं शून्यावर आणून देतो, एवढंच.
त्या दुपारी जमादार दुकानात आले, म्हणाले,
चाला गोमाजी, सही कराची हाये.
कशावर, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही.

उमरेड रोडच्या फाट्यावर तेव्हा वारा नव्हता.
पोती तशीच उभी होती आडवी वाट धरून,
भिवापुरी मिरचीची, तोंडं शिवलेली.
दोघांना भोकं.
त्यातून पिवळं बी गळत होतं थांबून थांबून,
वजन भरत आलं की शेवटचे दाणे टाकतात तसं.

फौजदार सांगत होते, रायटर लिहीत होता.
पूर्वेस पानठेला. पश्चिमेस नाला.
चपला, नग एकसष्ट. त्यापैकी जोड्या अकरा.
साहेब, बारा आहेत, मी म्हणालो,
ही निळ्या पट्ट्याची
आणि नाल्याच्या काठावर ती उलटी पडलेली.
मोजणं तुमचं काम नाही, ते म्हणाले.
चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?

दगड, नग सात.
खडीचा ढीग तिथंच होता, रस्त्याच्या कामाचा,
गेल्या पोळ्यापासून.
ढिगाबद्दल काही लिहिलं नाही.

देवचंद आणि शेंदऱ्यांचा पोरगा आधीच उचलले होते,
नागपूरला, मेडिकलला.
ती राहिली होती. गाडी परत यायची होती.
मयत क्रमांक तीन, स्त्री, वय अंदाजे.
अंदाजे कशाला?
कौतुका लांजेवार आहे ती,
माझ्या मोठ्या पोरीपेक्षा एका पोळ्यानं मोठी.
सहा पोती स्वतःची, बाकी वर्षभर सातऱ्यावर
दुसऱ्यांच्या मिरचीचे देठ खुडायची.
ओलाव्याच्या नावानं व्यापारी कटती मारतात,
सहा पोत्यांमागे पाच किलो.
त्या पाच किलोंसाठी बसली होती रस्त्यावर.
काटा खरा होता, सांगतो. सोमवारीच मी तपासला होता.
कटती काट्यात नसते.

चादर धरा, म्हणाले. धरली.
तिची उजवी मूठ उघडली त्यांनी, एकेक बोट.
लाल. नखांत लाल, रेषांत लाल.
फौजदारांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा खुलला.
लिहा,
मयताच्या उजव्या तळहातास तिखट लागलेले आढळले,
सदरचे तिखट बंदोबस्तावरील कर्मचाऱ्यांच्या
डोळ्यांत टाकण्याकामी वापरल्याचे दिसून येते.

आता काय सांगायचं.
आमच्याकडच्या बायांचे हात धुऊन निघत नाहीत.
लेकराला ती मनगटानं जवळ घ्यायची.
घाम कोपरानं पुसायची.
नवऱ्याच्या डोळ्यात कुसळ गेलं तर
शेजारच्या पोरीला हाक मारायची,
ये वं बाई, तू काढ, माहे हात जळके हायेत.
हे मी रायटरला सांगितलं.
त्यानं पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
त्याच्या आईचं गाव इथून सात कोस आहे,
त्याला माहीत असणार.

कागद मोटारसायकलच्या सीटवर ठेवला.
पंच क्रमांक एक, पानठेल्याचा उद्धव, त्याची झाली होती.
मी केली. वडिलांच्या नावासकट.
अक्षर माझं चांगलं आहे, शाळेपासून.

रात्री झोपेत डोळा चोळला
आणि उठून बसलो.
पाणी मारलं, साबण लावला, तूप लावलं,
आग जाईना.
कायले हात लावला होता जी, बायको विचारत होती
कंदिलाची काच पुसत, लाइट गेलेली.
मी तिला चादरीचं सांगितलं.
सहीचं नाही.

कोर्टाचा कागद येईल म्हणतात, नागपूरहून,
वर्षानं, तीन वर्षांनी.
काळ्या कोटातला कोणी विचारेल,
ही सही तुमची का?
माझीच.
पण जोड्या बारा होत्या, साहेब.
आधी तेवढं लिहून घ्या.
मग हातांचं सांगतो.